छोट्या हॉलसाठी घरगुती सबवूफर : आधी जागा मोजा, मग वूफर घ्या

घरी सबवूफर, म्हणजे फक्त खोल सुरांसाठीचा (बेसचा) वेगळा स्पीकर बनवायचा म्हटलं की बहुतेक जण पहिली खरेदी वूफरची, म्हणजे बॉक्समध्ये बसणाऱ्या गोल स्पीकरची करतात. ऑनलाइन सेलमध्ये बारा इंची कार वूफर स्वस्तात मिळतो, तो घरी येतो, आणि मग त्याचा बॉक्स ठेवायचा कुठे यावर घरात वादावादी सुरू होते. शेवटी बॉक्स लहान करून त्यात तो वूफर कोंबला जातो आणि बेस येतो तो नुसता घुमणारा, कुठलाही दणका एकाच सुरात.

वन बीएचके किंवा छोट्या टू बीएचकेच्या हॉलमध्ये क्रम उलटा हवा. आधी जागा, जागेवरून बॉक्सचं माप, मापावरून वूफर, आणि सर्वांत शेवटी अ‍ॅम्प्लिफायर. हा क्रम पाळला तर छोट्या हॉलमध्ये सिनेमाला शोभेल असा बेस मिळवणं अवघड नाही. काही बाबतींत तर मोठ्या बंगल्यापेक्षा ते सोपं आहे. ते कसं, ते पुढे येईल.

जागा शोधणं आणि मोजणं

एक गोष्ट आपल्या पथ्यावर पडते. ८० हर्ट्झच्या ध्वनिलहरीची लांबी सव्वाचार मीटरच्या पुढे असते, ३० हर्ट्झची अकरा मीटरच्याही वर. एवढ्या लांब लहरींचा आवाज कुठल्या बाजूने येतोय हे कानाला नीट सांगता येत नाही. त्यामुळे सबवूफर टीव्हीच्या शेजारीच हवा असं काही नाही. सोफा आणि भिंत यांच्यामधली फट, शोकेसचा खालचा कप्पा, दिवाणाखालची जागा, सगळं चालतं. उलट सोफ्याशेजारी ठेवला तर तो कानापासून मीटरभरावर येतो आणि कमी ताकदीत काम भागतं.

जागा मोजताना भिंतीपासून भिंतीपर्यंत टेप लावून मोकळे होऊ नका. स्कर्टिंगची टाइल भिंतीच्या एक-दीड सेंटिमीटर पुढे आलेली असते, सोफ्याचा हात खालच्या भागापेक्षा बाहेर असतो, आणि नेमक्या त्या फटीत एखादा प्लग पॉइंट असतो. दोन्ही बाजूंना दोन-दोन सेंटिमीटर, मागे वायरसाठी पाच सेंटिमीटर आणि वूफरच्या तोंडासमोर किमान दहा सेंटिमीटर मोकळे ठेवा. पावसाळ्यात ओल धरणारी भिंत असेल तर ती जागा सोडून द्या.

माप ठरलं की त्या मापाचा पुठ्ठ्याचा खोका करून चार दिवस तिथे ठेवा. केर काढताना अडतो का, कोणी त्यावर किल्ल्या, चहाचा कप ठेवायला लागतं का, ते आत्ताच कळेल. घरातल्यांची मंजुरीही अशीच मिळते, नकाशा दाखवून नाही.

या लेखापुरती जागा धरू सोफ्याशेजारची, ३६ सेंटिमीटर रुंद. त्यात बसणारा बॉक्स बाहेरून ३२ सेंमी रुंद, ३८ सेंमी उंच आणि ४० सेंमी खोल. म्हणजे साधारण साइड टेबलाएवढा.

बंद बॉक्सच का

सबवूफरचे बॉक्स मुख्यत्वे दोन प्रकारचे : पूर्ण बंद, आणि पोर्ट असलेला, म्हणजे ज्याला हवेसाठी नळी काढलेली असते. पोर्टवाला बॉक्स तेवढ्याच वॅटमध्ये जास्त आवाज देतो, म्हणून तो मोहात पाडतो. पण आपल्या तीस लिटरच्या बॉक्सला २५ हर्ट्झवर ट्यून करायचं, आणि नळी साडेसात सेंमी व्यासाची, म्हणजे साधा तीन इंची पीव्हीसी पाइप घ्यायचा, तर पाइपाची लांबी सुमारे ६५ सेंटिमीटर निघते. चाळीस सेंमी खोल बॉक्समध्ये पासष्ट सेंमीची नळी! तिला वळणं द्या, तरी ती आतली जागा खाते. नळी बारीक केली तर लांबी कमी होते, पण मग दणक्याला फस्‌फस्‌ हवा ऐकू येते.

ही अडचण कोणाच्या कौशल्यातली नाही, ती भौतिकशास्त्रातली आहे. अमेरिकेतल्या केएलएच या स्पीकर कंपनीच्या तीन संस्थापकांपैकी एक, अँटन हॉफमन, यांच्या नावाने एक नियम सांगितला जातो : छोटा बॉक्स, खोल बेस आणि कमी वॅटमध्ये मोठा आवाज, या तिन्हींपैकी दोनच मिळतात. आपल्याला छोटा बॉक्स हवाच आहे आणि खोल बेसही. तेव्हा तिसऱ्यावर पाणी सोडायचं आणि वॅट जास्त मोजायचे. क्लास-डी (कमी वीज वाया घालवणारे) अ‍ॅम्प्लिफायर आल्यापासून वॅट स्वस्त झाले आहेत, हॉलची जागा मात्र महागच होत चालली आहे. सौदा वाईट नाही.

बंद बॉक्स म्हणजे दुय्यम दर्जाचा, हाही गैरसमज आहे. १९५४ साली एडगर व्हिलचर आणि हेन्री क्लॉस यांनी एआर-१ नावाचा स्पीकर काढला, तो याच तत्त्वावर. वूफरचा कोन (पुढचा हलणारा पडदा) जाणूनबुजून सैल ठेवायचा आणि त्याला मागे खेचण्याचं काम बॉक्समध्ये कोंडलेल्या हवेकडून करून घ्यायचं. त्याआधी खोल बेससाठी कपाटाएवढ्या पेट्या लागत, त्या यानंतर शेल्फावर आल्या.

आता मोठ्या बंगल्यापेक्षा सोपं का, ते. बंद बॉक्सचा आवाज एका मर्यादेखाली दर सप्तकाला १२ डेसिबलने उतरतो. पण बंद खोलीतही उलटा परिणाम होतो. खोलीची सर्वांत लांब बाजू बारा फूट, म्हणजे ३.६६ मीटर असेल तर साधारण ४७ हर्ट्झच्या खाली अर्धी लहरही खोलीत मावत नाही. तिथून पुढे सबवूफर अख्ख्या खोलीतल्या हवेचा दाब कमी-जास्त करू लागतो आणि खालचे सूर आपोआप उचलले जातात. कागदावर ही वाढही दर सप्तकाला १२ डेसिबल असते. खिडक्या, दरवाजे आणि हलक्या भिंतींतून दाब निसटतो म्हणून प्रत्यक्षात कमी मिळते, पण मिळते. बॉक्स जिथे थकतो तिथे खोली हात देते. तीस फुटी दिवाणखान्यात ही सुरुवात १९ हर्ट्झच्या आसपास होते, म्हणजे ऐकणाऱ्याला तिचा उपयोग जवळपास शून्य. किचन हॉललाच जोडलेलं असेल तर तीही लांबी धरा.

वूफर निवडताना पाहायचे आकडे

ऑस्ट्रेलियात नेव्हिल थील आणि रिचर्ड स्मॉल यांनी १९६० आणि ७० च्या दशकांत वूफर आणि बॉक्सचं गणित बसवून दिलं. म्हणून या आकड्यांना थील-स्मॉल पॅरामीटर म्हणतात. डेटाशीटवर भरपूर आकडे असतात, आपल्याला सुरुवातीला तीन पुरतात. एफएस म्हणजे वूफर मोकळ्या हवेत ज्या फ्रीक्वेन्सीला आपसूक थरथरतो ती. क्यूटीएस म्हणजे त्या थरथरीवर किती लगाम आहे ते, आकडा जेवढा कमी तेवढा लगाम घट्ट. आणि व्हीएएस म्हणजे वूफरच्या स्प्रिंगपणाइतकीच स्प्रिंग असलेल्या हवेचं आकारमान, लिटरमध्ये.

हिशोब असा. व्हीएएसला बॉक्सच्या लिटरने भागा, त्यात १ मिळवा, वर्गमूळ काढा. जो आकडा येईल त्याने एफएसला गुणलं की बॉक्समध्ये बसवल्यावरची फ्रीक्वेन्सी मिळते, आणि क्यूटीएसला गुणलं की बॉक्ससकटचा क्यू, म्हणजे क्यूटीसी. क्यूटीसी ०.७ च्या आसपास हवा. ०.७०७ ला बेस सपाट राहतो. एकच्या वर गेला की घुमायला लागतो, ०.५ च्या जवळ कोरडा आणि आटोपशीर वाटतो.

उदाहरणाला एक दहा इंची वूफर धरू : एफएस २८ हर्ट्झ, क्यूटीएस ०.४२, व्हीएएस ५० लिटर. तीस लिटरच्या बॉक्समध्ये ५० भागिले ३० म्हणजे १.६७, अधिक १ म्हणजे २.६७, वर्गमूळ १.६३. क्यूटीसी आला ०.६९ आणि फ्रीक्वेन्सी ४६ हर्ट्झ. फार छान. हाच वूफर पंधरा लिटरमध्ये कोंबला तर क्यूटीसी ०.८७ आणि फ्रीक्वेन्सी ५८. आणि बॉक्स वाढवून पन्नास लिटर केला तर ०.५९ आणि ४० हर्ट्झ. हा शेवटचा आकडा नीट बघा. बॉक्स जवळजवळ पावणेदोन पट मोठा केला आणि हाती लागले जेमतेम सहा हर्ट्झ. हॉल लहान असेल तर ती जागा वाया घालवू नये.

चौथा आकडा एक्समॅक्स. कोन एका बाजूला किती मिलिमीटर सरळ हलू शकतो, ते यातून कळतं. बेस म्हणजे शेवटी हवा ढकलणं, आणि आवाज तेवढाच ठेवून एक सप्तक खाली उतरायचं तर चौपट हवा ढकलावी लागते. दहा इंचीला एक्समॅक्स आठ मिलिमीटर किंवा जास्त असावा. चार मिलिमीटरवाले वूफर गाण्यांना चालतात, सिनेमातला पहिला स्फोट आला की आपटायला लागतात.

कार वूफर घरी वापरता येतो का? येतो, आणि बऱ्याचदा तोच परवडतो. त्यातल्या अनेकांचे आकडे छोट्या बंद बॉक्सला जमतात. फक्त डेटाशीट मागा. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात पासोड्या विठोबाजवळच्या दुकानांत ‘साहेब, हजार वॅटचा आहे’ असं ऐकवतील, पण क्यूटीएस विचारलं की बरेचदा शांतता पसरते. ज्या वूफरची डेटाशीट मिळत नाही तो घेऊ नका, कितीही जड मॅग्नेट दाखवला तरी. आणखी एक : कार वूफरला अनेकदा दोन कॉइल असतात. ४ ओमच्या दोन कॉइल सिरीजमध्ये जोडल्या की ८ ओम, पॅरललमध्ये २ ओम. अ‍ॅम्प्लिफायर २ ओमला तयार आहे की नाही हे पाहिल्याशिवाय पॅरलल करू नका.

हे हिशोब हाताने करायचा कंटाळा असेल तर विनआयएसडी नावाचं विंडोजवर चालणारं मोफत सॉफ्टवेअर आहे. त्यात वूफरचे आकडे भरले की आलेख समोर येतो.

लाकूड आणि कटिंग

अठरा मिलिमीटर जाडी घ्या, त्याहून पातळ नको. एमडीएफ (लाकडाचे तंतू दाबून केलेली फळी) आवाजाच्या दृष्टीने उत्तम आहे, सर्वत्र सारखा आणि स्वस्त, पण मुंबई-कोकणातल्या पावसाळ्यात उघड्या कडा फुगतात. एचडीएचएमआर (तशीच, पण जास्त घट्ट दाबलेली फळी) थोडा महाग आणि जड, पण दमटपणा सोसतो. माझी पसंती त्याला. चांगला मरीन प्लायही चालतो, फक्त आत पोकळ्या असलेला हलका प्लाय घेऊ नका. तो सुरावर खडखडतो आणि खडखड कुठून येते ते शेवटपर्यंत सापडत नाही.

बॉक्सला लागणारे तुकडे असे, सगळी मापं मिलिमीटरमध्ये :

पुढची बाजू ३२० × ३८०, दोन नग (एकावर एक चिकटवायच्या)
मागची बाजू ३२० × ३८०, एक नग
डावी-उजवी बाजू ३८० × ३४६, दोन नग
वर-खाली २८४ × ३४६, दोन नग
आतली आधाराची चौकट (पुढच्या फळीला समांतर) २८४ × ३४४, एक नग, मधोमध १८४ × २४४ ची खिडकी कापलेली

आतून जागा २८४ × ३४४ × ३४६, म्हणजे ३३.८ लिटर. त्यातून चौकटीचा जवळजवळ एक लिटर आणि वूफरच्या मॅग्नेट-बास्केटचे (बास्केट म्हणजे वूफरचा धातूचा सांगाडा) दीड-दोन लिटर वजा करा. उरतात ३१ च्या आसपास. आपलं गणित तीसवर होतं, जमलं.

सगळं मिळून दहा चौरस फूट माल लागतो. अख्खी आठ बाय चारची शीट घेण्याआधी दुकानदाराला उरलेला तुकडा विचारा, चार बाय चारचा मिळाला तर पुरतो. आणि कटिंग दुकानातच पॅनल सॉवर करून घ्या. घरी हातकरवतीने कापलेले तुकडे दोन मिलिमीटर तिरके येतात, आणि हवाबंद बॉक्सला दोन मिलिमीटर फार झाले. कापणाऱ्याला सांगायचं ते एवढंच : सारख्या मापाचे तुकडे मशीनची सेटिंग न हलवता एकापाठोपाठ काढा. अर्धा मिलिमीटर सगळेच कमी भरले तर चालतं, एकच कमी भरला तर नाही.

गोल भोक मात्र सुताराकडून राउटरवर (लाकूड कोरायच्या मशीनवर) पाडून घेतलेलं बरं. व्यास वूफरच्या डेटाशीटवर ‘कटआउट’ म्हणून दिलेला असतो, दहा इंचीला साधारण २३ सेंमी. इंचाच्या नावावर जाऊन २५ सेंमी पाडलंत तर वूफर आत पडेल. राउटर नसेल तर जिगसॉ चालते : आखलेल्या रेषेच्या आतल्या बाजूला ड्रिलने भोक पाडा, तिथून पातं घाला आणि रेषेच्या मिलिमीटरभर आतून फिरवा. उरलेलं पॉलिश पेपरने काढा. पुढची बाजू दुहेरी असल्यामुळे भोकाची कड ३६ मिलिमीटर जाड होते आणि कोनच्या मागची हवा तिथे अडते, म्हणून आतल्या बाजूची कड कानशीने पंचेचाळीस अंशात उतरती करा. बास्केटचे स्क्रू जिथे येणार तेवढी जागा न घासता ठेवा.

जोडणी

पुढच्या दोन बाजू आधी एकमेकींना चिकटवा. फेविकॉल सगळीकडे पातळ पसरवा, वर जड डबे ठेवा आणि रात्रभर विसरा. मग खालची बाजू आणि एक उभी बाजू गुण्या लावून काटकोनात जोडा. दुसरी उभी, वरची, मग आतली चौकट, मग पुढची आणि शेवटी मागची. चौकट पुढच्या फळीपासून मागे साधारण वीस सेंमीवर आणि मुद्दाम मध्यापासून थोडी सरकवून बसवा, म्हणजे दोन्हीकडचे भाग सारख्याच सुराला कंप पावणार नाहीत.

स्क्रू दीड इंची, दर दहा-बारा सेंटिमीटरला एक. एमडीएफ किंवा एचडीएचएमआरच्या कडेत थेट स्क्रू मारला तर तो उभा चिरतो, त्यामुळे आधी स्क्रूपेक्षा बारीक ड्रिल मारलंच पाहिजे. खरी ताकद फेविकॉलची असते, स्क्रू फक्त तो वाळेपर्यंत तुकडे आवळून धरतो. सांध्यातून फेविकॉलचे थेंब बाहेर आले तर खुशाल समजा, आत पुरेसा लागलाय. ते ओल्या फडक्याने पुसून घ्या.

मागची बाजू लावण्याआधी आतले सगळे सांधे फेविकॉलने किंवा सिलिकॉन सीलंटने भरून घ्या. सिलिकॉन वापरलंत तर एक दिवस थांबा. सुकताना त्यातून व्हिनेगरसारखा आंबट वास येतो, आणि ती वाफ वूफरच्या फोमला आणि गोंदाला मानवत नाही.

वायर बाहेर काढायला महागडी टर्मिनल प्लेट लागत नाही. मागच्या फळीतून दोन पितळी नट-बोल्ट आरपार काढा, आतल्या बाजूला वूफरची वायर, बाहेरच्या बाजूला अ‍ॅम्पची. बोल्टाभोवती एम-सील लावा. आतली वायर घरगुती वायरिंगची १.५ चौरस मिलिमीटरची चालते.

आत भरायला रेक्रॉन, म्हणजे उशीतलं पॉलिएस्टर. एक उशी फाडली तरी काम होतं. सैलसर भरलं की बॉक्स वूफरला थोडा मोठा वाटतो आणि आतले पडसाद दबतात. ठासून भरू नका. कापूस अजिबात नको, तो दमट होऊन तळाशी बसतो. वूफरच्या मॅग्नेटच्या मागे भोक असेल तर त्यासमोर जाळीचं कापड लावून रेक्रॉन दूर ठेवा.

वूफर बसवताना बास्केटखाली दार-खिडक्यांना लावतात ती फोमची चिकट पट्टी फिरवा. स्क्रू एकापाठोपाठ गोल न आवळता समोरासमोरचे आवळत जा. त्याआधी पोलॅरिटी बघून घ्या : दीड व्होल्टच्या सेलचा प्लस वूफरच्या प्लसला आणि मायनस मायनसला क्षणभर टेकवा, कोन बाहेर आला पाहिजे.

आता हवाबंदपणाची परीक्षा. (अ‍ॅम्प अजून आला नसेल तर ही नंतर करा, पण रंग किंवा सनमायका लावायच्या आधी.) मोबाइलवर टोन जनरेटरचं कुठलंही अ‍ॅप घेऊन ३० हर्ट्झचा सूर मध्यम आवाजात लावा. पंखा बंद करा. उदबत्ती पेटवा आणि तिचं टोक सांध्यासांध्यावरून, बोल्टांवरून, स्क्रूंच्या डोक्यांवरून हळूहळू फिरवा. धूर सरळ वर जात असेल तर तो सांधा ठीक. जिथे धुराला बारीक हिसके बसतात, कोणी आतून फुंकर मारतंय असे, तिथे गळती आहे. कोनच्या तोंडासमोर धूर हलणारच, तिथे शोधू नका. गळती बहुतेक वेळा मागच्या खालच्या कोपऱ्यात किंवा वायरच्या भोकाशी सापडते.

अ‍ॅम्प्लिफायर

सेन्सिटिव्हिटी ८५ डेसिबल असलेला वूफर एका वॅटला एक मीटरवर ८५ डेसिबल देतो. शंभर वॅट म्हणजे वीस डेसिबल जास्त, १०५. सोफ्याशेजारी मीटरभरावर बसणाऱ्या माणसाला हे पुरून उरतं. म्हणून शंभर ते दीडशे खरे वॅट हे लक्ष्य ठेवा. खोक्यावर छापलेले पीएमपीओ (जाहिरातीसाठी फुगवलेले) वॅट विसरा, आरएमएस (सतत मिळणारे) वॅट विचारा.

बाजारात टीपीए ३११६ चिपचे बोर्ड ढिगाने मिळतात. त्या चिपला जास्तीत जास्त २६ व्होल्ट चालतात, आणि २४ व्होल्टवर ४ ओमच्या वूफरला त्यातून साठ-पासष्ट वॅटच्या पुढे काही निघू शकत नाही, बोर्डावर काहीही छापलेलं असो. सुरुवातीला तेही चालतं. टीपीए ३२५५ चा बोर्ड आणि ३६ व्होल्टचा एसएमपीएस (पॉवर सप्लाय) घेतलात तर १२५-१५० वॅट मिळतात आणि पुढे वाढवायलाही वाव राहतो. अ‍ॅम्प बॉक्सच्या आत बसवू नका. तो गरम होतो, जागा खातो आणि हवाबंदपणा बिघडवतो. वेगळ्या धातूच्या पेटीत, टीव्हीच्या कप्प्यात ठेवा. एसएमपीएसला २३० व्होल्ट येतात : अर्थिंगची वायर पेटीला जोडा, फ्यूज लावा, उघडी टर्मिनल झाका. हे काम सवयीचं नसेल तर वायरमनकडून करून घ्या किंवा सरळ तयार सबवूफर अ‍ॅम्प घ्या.

होम थिएटर रिसीव्हर असेल तर त्याच्या ‘सब आउट’मधून एक आरसीए वायर आणली की झालं. रिसीव्हर नसेल, नुसता टीव्ही आणि दोन स्पीकर असतील, तर लो-पास फिल्टर (फक्त खालचे सूर जाऊ देणारा) असलेला बोर्ड निवडा, नाहीतर सबवूफरमधून संवादही बोलायला लागतील.

ज्यांना पुढची पायरी हवी त्यांच्यासाठी : डीएसपी (आवाजावर डिजिटल प्रक्रिया करणारा बोर्ड) वापरून ४६ हर्ट्झचा बॉक्स ३० हर्ट्झसारखा वागवता येतो. सीगफ्रीड लिंकविट्झ यांच्या नावाने ओळखली जाणारी ही युक्ती बंद बॉक्सलाच शोभते. पण फुकट काही नाही : सर्वांत खालच्या सुरांना साधारण साडेसात डेसिबलची उचल द्यायची म्हणजे साडेपाच पट वॅट. आधी साधं ऐका, खोली काय देते ते बघा. बऱ्याच छोट्या हॉलमध्ये याची गरज पडत नाही.

सेटिंग

रिसीव्हरमध्ये सगळे स्पीकर ‘स्मॉल’ करा, क्रॉसओव्हर (ज्याच्या खालचे सूर सबकडे जातात ती फ्रीक्वेन्सी) ८० हर्ट्झ. सबच्या अ‍ॅम्पवर वेगळी क्रॉसओव्हरची चकती असेल तर ती शेवटपर्यंत वर फिरवा, म्हणजे दोन फिल्टर एकावर एक बसणार नाहीत. ‘डिस्टन्स’मध्ये सबचं सोफ्यापासूनचं खरं अंतर भरा, कारण सब जवळ आणि पुढचे स्पीकर लांब असले की दणका आधी पोचतो. फेजसाठी (सब आणि स्पीकर एकमेकांना साथ देतात की विरुद्ध हलतात, ते पाहायला) ओळखीचं, बेस गिटार असलेलं गाणं लावा, तुम्ही सोफ्यावर बसा आणि दुसऱ्याला ० आणि १८० मध्ये स्विच बदलायला सांगा. ज्या बाजूला बेस भरदार वाटतो ती ठेवा.

सबची जागा ठरलेली असल्यामुळे तो खोलीभर फिरवून बघता येत नाही. मग सोफा हलवा. खोलीच्या बरोबर मधोमध बसलं की पहिल्या खोली-सुराचा बेस गायब होतो, पाठ भिंतीला टेकवून बसलं की तोच दुप्पट घुमतो. सोफा भिंतीपासून वीस-तीस सेंटिमीटर पुढे घेतला तरी फरक ऐकू येतो. आवाजाची पातळी मात्र तुम्हाला वाटते त्यापेक्षा थोडी कमी ठेवा. नवा सब आला की पहिला आठवडा प्रत्येक जण बेस जास्त ठेवतो.

खालच्या मजल्यावरच्यांसाठी बॉक्सखाली जाड रबराचे पाय लावा. त्याने आपल्या फरशीची थरथर कमी होते, पण हवेतून जाणारा बेस थांबत नाही, तो भिंतीही अडवत नाहीत. निवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबलची मर्यादा आहे, रिसीव्हरचा ‘नाइट मोड’ त्यासाठीच असतो.

फटही नसेल तर : दिवाणाखालचा बॉक्स

सोफ्याशेजारी जागाच नसेल तर हेच तीस लिटर आडवे पसरता येतात. बाहेरून ६० × ५० सेंमी आणि फक्त १५ सेंमी उंच, १८ मिलिमीटरच्या फळ्यांत, आतून २९.८ लिटर भरतात. वूफर तोंड खाली करून, आणि बॉक्सला पाच सेंमीचे पाय (हवा चारही बाजूंनी सुटते, म्हणून इथे दहाऐवजी पाच सेंमी चालतात). एकूण उंची वीस सेंमी, बहुतेक दिवाणांखाली जाते. यासाठी ‘शॅलो’ प्रकारचा, आठ-नऊ सेंटिमीटर खोलीचा वूफर लागतो, म्हणजे मॅग्नेटच्या मागे वरच्या फळीपर्यंत किमान दोन सेंमी श्वास राहतो. खाली तोंड केलं की कोन स्वतःच्या वजनाने थोडा लोंबतो, पण एफएस २८ हर्ट्झ असेल तर जेमतेम ०.३ मिलिमीटर, चिंता नको. वीस हर्ट्झच्या खालचे सैल वूफर मात्र असे टांगू नका.

मोठ्या सपाट फळ्या ढोलासारख्या वाजतात. म्हणून वरच्या आणि खालच्या फळीला जोडणारे तीन-चार ठोकळे आत वेगवेगळ्या अंतरांवर उभे चिकटवा. आणि दिवाणात ठेवलेली भांडी, जुने डबे, बांगड्यांच्या पेट्या आधी रिकाम्या करा, नाहीतर ३५ हर्ट्झला सगळा संसार साथ देतो.

सगळं जोडलं आणि घूं घूं येतंय

सतत एकाच सुरात गुणगुण येत असेल तर ती बहुधा ५० हर्ट्झची, ग्राउंड लूपची, म्हणजे जोडलेल्या उपकरणांच्या अर्थिंगमधून फिरणाऱ्या विजेची. केबल टीव्हीची वायर काढून बघा, अनेकदा तिथेच सापडते. टीव्ही, रिसीव्हर आणि सबचा अ‍ॅम्प एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर घ्या. तरी राहिली तर केबलच्या वायरला किंवा आरसीएला ग्राउंड लूप आयसोलेटर लावा. प्लगची अर्थची पिन काढून टाकण्याचा सल्ला कोणीतरी हमखास देईल. गुणगुण त्याने जाते खरी, पण त्यानंतर अ‍ॅम्पच्या पेटीत वीज उतरली तर तिला जमिनीकडे जायला वाट उरत नाही. तो सल्ला ऐकायचा नाही.